सोनेरी अक्षरांतला गाईड

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या यादीत ‘गाईड’ म्हणून माझं नाव लागलं की माझी चाल बदलते. आपण एखाद्या बड्या कंपनीचे डिलिव्हरी हेड आहोत, असं कॉरिडॉरमधून जाताना वाटू लागतं. यंदाच्या चौघांना पहिल्याच मीटिंगला मी फ्रेड ब्रुक्स ऐकवला. आयबीएमच्या ओएस/३६० चं काम सांभाळलेला हा माणूस. रखडलेल्या सॉफ्टवेअरवर आणखी माणसं लावली तर ते आणखी रखडतं, असं त्याने १९७५ साली लिहून ठेवलं. चौघांत बोलण्याच्या वाटा सहा, पाचवा आला की दहा, हेही मी फळ्यावर काढून दाखवलं. पुढे सहापैकी एक वाट प्रेमभंगाने आणि दुसरी उसन्या चार्जरवरून बंद पडली. त्यावर ब्रुक्सकडे उपाय सापडला नाही.

विषय होता खाणावळीतल्या खाड्यांचा हिशोब ठेवणारं ॲप. मला त्यात ब्लॉकचेन हवं होतं. “सर, मावशींशी दर महिन्याला होणारी भांडणं मिटली तरी पुष्कळ झालं,” मुलं म्हणाली. मी मोठ्या मनाने होकार दिला आणि शीर्षकात ‘इंटेलिजंट’ घुसवलं.

आता ब्लॅक बुकबद्दल, म्हणजे प्रोजेक्टच्या बाइंडिंग केलेल्या रिपोर्टाबद्दल, बोललंच पाहिजे. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान चालवणारे काका हे आमच्या विद्याशाखेचे खरे प्रोजेक्ट मॅनेजर. कुठल्या डिपार्टमेंटचं सबमिशन कधी, हे एचओडींच्या आधी त्यांना ठाऊक असतं. त्यांनी दिलेली तारीख मुलं पाळतात, मी दिलेली नाही. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं उमटवताना ते आतली पानंही चाळतात. “सर, चौथ्या चॅप्टरमधला धबधबा तिरका छापलाय,” हे त्यांनीच मला सांगितलं. हा वॉटरफॉल, म्हणजे सॉफ्टवेअरचं काम एकेका टप्प्याने खाली उतरत जातं अशी आकृती, आमच्या प्रत्येक रिपोर्टात असतो. विन्स्टन रॉइसने १९७० साली तसली आकृती काढली आणि लगोलग हेही लिहिलं, की काम असंच करत गेलात तर धोका आहे. आमच्यापर्यंत फक्त आकृती पोचली. मग काकांनी खालच्या आवाजात विचारलं, “पीएच.डी. चालू आहे ना? मग नावापुढे ‘डॉ.’ टाकून देऊ? कोण बघतंय!” मी बाणेदारपणे नकार दिला. ‘प्रा.’ मात्र जरा ठळक करायला सांगितलं.

ॲपचा कोड जवळजवळ सगळा एका मुलीने लिहिला. चौथ्या मुलाने एक ओळही लिहिली नाही, आणि बाकीचे दोघे त्याच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे यायचे. तो संध्याकाळी खाणावळीत जाऊन बसायचा. सकाळी दहाच्या आत सांगितलं तरच खाडा धरायचा, फीस्टच्या दिवशी खाडा नाही, पाहुण्याचं ताट वेगळं, हे सगळं त्याच्या वहीत होतं. मावशींचे हात कणकेत असतात, त्या ओटीपी कुठून टाकणार, हेही त्यालाच सुचलं. लॉगिनचा पडदा गेला, एक मोठं बटण आलं. एकमेकांशी न बोलणाऱ्यांचे निरोपही तोच पोचवायचा.

ओरलला एक्स्टर्नलनी त्याला विचारलं, “तुम्ही कोणतं मोड्यूल केलं?”

“कोड नाही केला सर. मावशींशी बोललो.”

एक्स्टर्नल हसले. त्यांच्या मागोमाग अख्खी लॅब हसली. मला ते हसणं लागलं. सॉफ्टवेअर कुणाला हवंय आणि कशासाठी, हे जाऊन विचारणारा चौघांत तो एकटा होता. आमच्या गुणपत्रिकेत डायग्रामला रकाना आहे, प्रेझेंटेशनला आहे, वक्तशीरपणालासुद्धा आहे. ऐकून घेण्याला नाही. तो मुलगा टायची गाठ चाचपत खाली बघत उभा होता.

टर्मवर्कचे मार्क माझ्या हातात होते. मी त्याला त्या मुलीइतकेच दिले. ती भांडायला येणार, म्हणून ब्रुक्ससकट उत्तर तयार ठेवलं. ती आली खरी, पण मार्कांचं नावही न काढता म्हणाली, “सर, आम्ही जूनमध्ये पुण्याला जॉइन होतोय. नंतर ॲप बंद पडलं तर फोन कुणाला करायचा, असं मावशी विचारत होत्या.”

“मग?”

“तुमचा नंबर दिलाय.”