सुटकेची तारीख : १४ नोव्हेंबर २१३९

बर्नी मॅडॉफ नावाचा अमेरिकन कैदी १४ नोव्हेंबर २१३९ रोजी तुरुंगातून सुटणार होता. म्हणजे आपल्या बालदिनी. त्या दिवशी त्याचं वय झालं असतं दोनशे एक वर्षं. ही तारीख मी मनाने रचलेली नाही. अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंग खात्याच्या दप्तरात ती अशीच्या अशी नोंदलेली होती. वर्ष एक वेळ मी समजून घेईन, पण नोव्हेंबरच का? आणि त्यातही चौदाच का? दिवाळी साधून चार दिवस आधी सोडायला काय हरकत होती?

गंमत पुढेच आहे. मॅडॉफने हजारो गुंतवणूकदारांना अब्जावधी डॉलरला बुडवलं. २००९ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात न्यायाधीश डेनी चिन यांनी त्याला दीडशे वर्षांची शिक्षा ठोठावली. दोन हजार नऊमध्ये दीडशे मिळवले की होतात २१५९. मग मधली वीस वर्षं गेली कुठे? ती चांगल्या वर्तणुकीची सूट! कैदी नीट वागला तर दर वर्षामागे ठरावीक दिवस कमी होतात, हा तिथला नियम. नियम सगळ्यांना सारखा, तेव्हा कुणीतरी कारकुनाने नाकावर चष्मा चढवून एकाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या दीडशे वर्षांतून सुटीचे दिवस वजा केले आणि तारीख काढली. ‘नीट वागलात तर दोनशे वीसऐवजी दोनशे एकाव्या वर्षीच घरी जाल,’ असं त्याला कुणी समजावलं असेल, तर त्या प्रसंगी दोघांपैकी एकाला तरी हसू आवरलं नसणार.

बातमी वाचणारा इथे साहजिकच विचारतो, ‘अहो, मग सरळ जन्मठेप द्या की! हा पाढे म्हणण्याचा खटाटोप कशाला?’ प्रश्न बिनतोड आहे आणि उत्तर त्याहून साधं आहे. मॅडॉफच्या गुन्ह्यांसाठी तिथल्या कायद्यात जन्मठेप नव्हतीच. त्याने अकरा आरोप कबूल केले होते. प्रत्येक आरोपाला जास्तीत जास्त किती वर्षं, ते कायद्यात लिहिलेलं होतं. कुठे पाच, कुठे दहा, कुठे वीस. आपल्या पेपरांत निकालाच्या बातमीखाली एक ओळ असते : ‘सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत.’ त्या ओळीने सगळ्या शिक्षा एकाच वेळी सुरू होतात आणि सगळ्यांत मोठी संपली की सुटका. चिनसाहेबांनी याच्या उलट केलं. एक संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. अकराही कमाल शिक्षा अशा एकीला एक लावल्या की बेरीज येते बरोबर दीडशे. म्हणजे न्यायाधीशाने आकडा फुगवला नव्हता, फक्त बेरीज करताना काही सोडलं नव्हतं.

मॅडॉफच्या वकिलांनीही गणितच मांडलं होतं. आपल्या अशिलाचं वय एकाहत्तर, आयुर्मानाच्या कोष्टकाप्रमाणे त्याची अजून तेरा वर्षं शिल्लक, तेव्हा शिक्षा बारा वर्षांची करावी. शेवटचं एक वर्ष बिचाऱ्याला मोकळ्या हवेत मिळावं, असा हा माणुसकीचा ताळेबंद. न्यायाधीशांनी तो फेटाळला आणि शिक्षेला प्रतीक म्हणूनही महत्त्व असतं असं सांगितलं. मॅडॉफ मार्च २००९ मध्ये आत गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये तुरुंगातच वारला. भोगून झाली बारा वर्षं आणि एक महिना. दीडशेच्या त्या निकालात खरा ठरला तो वकिलाचा आकडा. उरलेली शिक्षा वसूल करायला कुणी उरलं नाही.

पण सगळीच बेरीज अशी हसण्यावारी नेता येत नाही. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटी बॉम्बस्फोटात १६८ माणसं मेली. त्यातला एक सूत्रधार टेरी निकोल्स याला राज्याच्या कोर्टाने २००४ साली एकामागून एक अशा १६१ जन्मठेपा दिल्या. एका माणसाला एकशे एकसष्ट जन्म कुठून आणायचे, असं आपल्या तोंडावर येतं. आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनींची सोय आहे, तिकडे तीही नाही. पण हिशेब नीट पाहिला की तोंड मिटतं. मेलेल्यांपैकी आठ केंद्रीय अधिकाऱ्यांचा खटला आधीच निकालात निघाला होता. उरले एकशे साठ. आणि त्यांतल्या एका आईच्या पोटातलं बाळ. कोलोरॅडोत ऑरोराच्या सिनेमागृहात गोळीबार करणाऱ्याला २०१५ मध्ये बारा जन्मठेपा आणि वर ३३१८ वर्षं मिळाली, तीही अशीच. बारा मृतांच्या बारा, आणि बाकीची जवळजवळ सगळी वाचलेल्यांची. एकच जन्मठेप दिली असती तर कैदी तितकाच आत राहिला असता. पण मग एकशे एकसष्टाव्या घरच्या लोकांनी निकालाच्या कागदात आपलं माणूस कुठे शोधायचं होतं?

तिसरं कारण मला सगळ्यांत माणसासारखं वाटतं : अविश्वास. न्यायाधीश आज निकाल लिहितो, पण उद्या काय होईल त्याच्या हातात नसतं. वरचं कोर्ट अकरातले चार आरोप रद्द करील. अमेरिकेतल्या काही राज्यांत जन्मठेपेचा कैदीही ठरावीक वर्षांनी पॅरोल मंडळापुढे उभा राहू शकतो, आणि मंडळात तेव्हा कोण दयाळू बसलेलं असेल सांगता येत नाही. म्हणून गावाला जाताना दाराला तीन कुलुपं लावून वर शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगणाऱ्या माणसासारखा कायदा वागतो. एक शिक्षा उघडली तरी दुसरी बंद राहावी. ओक्लाहोमात १९९४ साली ज्यूरीने एका नराधमाला सहा आरोपांवर प्रत्येकी पाच हजार, अशी तीस हजार वर्षं दिली, ती उद्याच्या सगळ्या दयाळू माणसांचा बंदोबस्त करण्यासाठीच.

त्याच राज्यातल्या आणखी एका कैद्याने २२०० वर्षांच्या शिक्षेवर अपील केलं. खटला पुन्हा चालला आणि नव्या ज्यूरीने त्याला सव्वा अकरा हजार वर्षं दिली. तो पुन्हा अपिलात गेला. या वेळी वरच्या कोर्टाने त्याची बाजू काही अंशी मान्य करून चक्क पाचशे वर्षं कमी केली. त्या निकालाच्या पाचशे वर्षं आधी आपल्याकडे बाबर यायचा होता. या कैद्याचा गुन्हा इतका हिडीस होता की दया येत नाही. तरी निकालाचा कागद हातात घेऊन अशिलाचं अभिनंदन करणारा वकील मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

हे वेड एकट्या अमेरिकेचं नाही. थायलंडमध्ये चामॉय थिप्यासो या बाईंनी भिशीछाप योजनेत सोळा हजारांवर लोकांना बुडवलं. १९८९ मध्ये त्यांना १,४१,०७८ वर्षांची शिक्षा झाली. कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्यात वीस वर्षांहून जास्त आत ठेवता येत नव्हतं, आणि बाई सुमारे आठ वर्षांत घरी आल्या. स्पेनमध्ये २००४ च्या माद्रिद रेल्वे स्फोटांतल्या काही आरोपींना बेचाळीस हजारांवर वर्षं मिळाली, प्रत्यक्षात कमाल मर्यादा चाळीस. त्याच देशात १९७२ मध्ये एका पोस्टमनने ४२,७६८ पत्रं वाटलीच नाहीत म्हणून सरकारी वकिलाने दर पत्रामागे नऊ या भावाने ३,८४,९१२ वर्षं मागितली. याची गिनेस बुकात नोंद आहे. शिक्षा झाली चौदा वर्षं दोन महिने. आकडा अवाढव्य असेल तेव्हा बहुधा खरा आकडा दुसरीकडे कुठेतरी बारीक अक्षरात असतो.

आपल्याकडे घोटाळा उलटा. हिंदी सिनेमाने आपल्याला पढवलं की जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं : नायक आत जाताना मुलगा पाळण्यात, बाहेर येताना मुलगा इन्स्पेक्टर. प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच, गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर, स्पष्ट केलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सूट द्यायची तर ती सरकारने द्यावी. चौदा हा आकडा सुटकेचा नाहीच. गंभीर गुन्ह्यांत त्याआधी सोडू नका, एवढंच तो सांगतो. २०१६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली : माणसाला आयुष्य एकच, तेव्हा जन्मठेपा एकामागून एक भोगायला लावता येणार नाहीत. निकोल्स आपल्याकडे असता तर त्याच्या एकशे एकसष्ट जन्मठेपा तिथल्या तिथे एकीत विरघळल्या असत्या. अविश्वास मात्र आपल्यालाही चुकलेला नाही. फाशी फार आणि चौदा वर्षं फारच थोडी, असं वाटून २००८ पासून आपलं सर्वोच्च न्यायालयही काही खटल्यांत ‘इतकी वर्षं सूट नाही’ असा आकडा लिहू लागलं आहे.

एकामागून एक जन्मठेपांचा प्रयोग मराठी माणसाने फार पूर्वी पाहिला आहे. इंग्रजांनी सावरकरांना दोन जन्मठेपा दिल्या, पंचवीस अधिक पंचवीस, सुटकेचं साल १९६०. शिक्षा झाली तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. सरकारची अटकळ अशी असावी की हा माणूस तोवर टिकणार नाही. सावरकर १९६६ पर्यंत जगले. शिक्षा देणारं सरकार मात्र १९४७ सालीच गाशा गुंडाळून निघून गेलं. लांब शिक्षा देताना कैद्याचं वय सगळे बघतात, देणाऱ्याचं कुणी बघत नाही.

ते बघावं कसं, हे मिसुरीच्या न्यायाधीश एव्हलिन बेकर यांच्याकडून शिकावं. १९९५ मध्ये सोळा वर्षांच्या एका मुलाने एकाच दिवशी सशस्त्र लूटमार केली. कुणाचा जीव गेला नाही. बेकरबाईंनी सगळ्या आरोपांच्या शिक्षा एकापुढे एक लावून त्याला २४१ वर्षं दिली. पॅरोलसाठी अर्ज करायला त्याला एकशे बारा वर्षांचं व्हावं लागणार होतं. पुढे २०१० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की खून न केलेल्या अल्पवयीनाला पॅरोलची आशा न ठेवता जन्मठेप देता येणार नाही. मुलाने दाद मागितली. राज्याचं म्हणणं पडलं : याला जन्मठेप कुठे दिली आहे? याला तर नुसती वर्षं दिली आहेत! हसावं की रडावं अशी ही जागा. जन्मठेपेची मनाई आकड्यांना लागत नाही, म्हणून आकडे जन्मठेपेहून कठोर ठरले.

निवृत्त झाल्यावर बेकरबाईंनी जाहीर लेख लिहून कबूल केलं की ती शिक्षा अन्यायाची होती, आणि त्या त्याच्या सुटकेसाठी झटल्या. कायदा बदलला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बाहेर आला, चाळिशी ओलांडून. दोनशे एक्केचाळीस वर्षांची शिक्षा जिने दिली, तिलाच ती चुकीची ठरवायला उणीपुरी पंचवीस वर्षंही लागली नाहीत.

माझा निवाडा एवढाच : मेलेल्या प्रत्येक माणसासाठी वेगळी शिक्षा लिहा, ते त्या माणसाचं देणं आहे. पण कायद्याला जन्मभर ठेवायचं असेल तर त्याने तसं उघड म्हणावं आणि त्याची जबाबदारी घ्यावी. हजारांच्या बेरजेआड लपू नये. आणि तुम्ही पुढच्या वेळी ‘अमक्याला आठ हजार वर्षांची कैद’ अशी बातमी वाचलीत, तर आकड्यापाशी थबकू नका. त्याला पहिला अर्ज कितव्या वर्षी करता येईल, ती खालची ओळ शोधा. शिक्षा तिथे लिहिलेली असते.