वायर दिसते हो!

आमच्या कॉलनीतल्या तात्यांकडे इंटरनेट शेजारच्या अण्णांकडून येतं. म्हणजे यायचा प्रयत्न करतं. अण्णांचा राउटर टीव्हीच्या मागे, गोदरेजच्या कपाटाला चिकटून, वर क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेला. तिथून निघालेल्या लहरी कपाट चुकवून, दोन्ही घरांच्या भिंती ओलांडून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून तात्यांच्या खोलीत पोचेस्तोवर धापा टाकत असतात. लोखंड लहरी परतवून लावतं, पाणी त्या पिऊन टाकतं आणि सळया घातलेलं काँक्रीट दोन्ही उद्योग करतं.

तात्यांनी उपाय पुष्कळ केले. वहिनींचा डब्याचा फॉइलचा रोल संपवून अण्णांच्या राउटरमागे चांदीचं मखर उभारलं. मग फोनमध्ये अण्णांच्या नेटची दोन नावं दिसली, एक 2.4 चं आणि एक 5 चं. तात्या बँकेतून निवृत्त झालेले. जास्त आकडा तो चांगला! 5 गिगाहर्ट्झ पळतं जोरात, पण भिंत आली की गुडघे टेकतं. 2.4 रमतगमत येतं, पण येतं. तेवढ्यासाठी कमी आकड्याकडे जायला तात्या तयार नव्हते.

पुढे रिपीटर आणला. तो लावला कुठे, तर जिथे रेंज अजिबात नाही त्या कोपऱ्यात. ‘गरज तिथेच आहे ना?’ हे तात्यांचं तर्कशास्त्र. रिपीटर बिचारा कानावर पडेल तेवढंच पुढे सांगणार. तो अर्ध्या वाटेवर, रेंज धड असते तिथे लावायचा असतो. सध्या त्याचा लाल दिवा झीरोच्या बल्बचं काम चोख करतो.

गंमत म्हणजे मध्यंतरी अण्णांचं नेटही रडायला लागलं. अण्णांनी कंपनीला फोनवर फैलावर घेतलं. राउटर एका चॅनेलवर सहसा एका वेळी एकाशीच बोलतो, आणि लांबच्या, ऐकू न येणाऱ्या फोनशी बोलण्यात त्याचा बराच वेळ जातो. तात्या आतल्या खोलीतून कीर्तनाचा व्हिडिओ ओढत असले की इकडे अण्णांची क्रिकेटची मॅच गोल गोल फिरते. हे अण्णांना कोणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही. मला दोघांच्याही घरी चहा मिळतो.

खरा इलाज पोरासोरांनाही ठाऊक आहे. अण्णांच्या राउटरपासून तात्यांच्या घरापर्यंत उन्हापावसात टिकणारी लॅनची वायर ओढायची आणि इकडच्या टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावायचा. अशी वायर 100 मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. इथे मधे आहे एक बोळ. पण तात्या ऐकेनात. वायफायची उसनवारी दिसत नाही, वायर दिसते! गल्लीतून जाणारा दूधवालासुद्धा मान वर करून ओळखणार, कोण कोणाच्या जिवावर जगतंय ते.

शेवटी नातवाच्या ऑनलाइन परीक्षेने तात्यांचा स्वाभिमान मोडला. इलेक्ट्रिशियन शिडी घेऊन आला, वायर ओढली, नेट धो धो आलं. अण्णांचीही मॅच फिरायची थांबली. समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलंच, “तात्या, ही वायर कसली हो?”

तात्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “अण्णांचं नेट फार अडकत होतं हो. म्हटलं, थोडं आपल्याकडे ओढून घ्यावं, त्यांना मोकळं होईल.”