पोलादनगरीत गळका नळ: गृहदुरुस्तीची शास्त्रशुद्ध पद्धत

सदर मार्गदर्शन दुर्ग-भिलाईतल्या मराठी गृहस्थांसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर वापरावे. तिकडे शेजारी इतके जाणकार नसतात.

प्रथम आपले स्थान ओळखावे. आपल्या गावात १३० मीटरचा अखंड रूळ लाटला जातो आणि दोन रूळ जोडून २६० मीटरचा एक करून रेल्वेच्या हवाली होतो. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका बांधताना इथलेही पोलाद लागले. अशा गावात घरातला नळ टपटपणे ही गैरसोय नसून अब्रूचा प्रश्न आहे. म्हणून प्लंबरला बोलवायचे नाही, हा नियम पहिला.

दुसरा नियम वेळेचा. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. म्हणजे चार वर्षे आणि दोन दिवस. बाथरूमच्या नळाला याहून जास्त वेळ लागू नये.

आता नळ. गळण्याचे कारण बहुधा रुपया-दोन रुपयांचा वायसर असतो. नळाच्या पोटात पितळेची बैठक असते आणि तिच्यावर रबराचा वायसर दाबला की पाणी थांबते. रबर कडक झाले की फट राहते. घरातील प्रत्येक माणूस ही फट नळ जोर लावून पिळून बंद करतो. कडक वायसर असा रोज चिरडला की त्याचे तुकडे पडतात, मग पितळ पितळेवर घासते, बैठकीला खाच पडते आणि वायसरचे काम नवा नळ आणण्यावर जाते. ही प्रगती साधण्यासाठी घरात एक तरी कसलेला मनगटबाज असावा लागतो. तो सहसा आजोबा असतो.

वायसर बदलण्याआधी वरच्या टाकीचा कॉक बंद करावा. तो फिरणार नाही. कॉक हे यंत्र गरजेच्या वेळी न फिरण्यासाठीच बसवलेले असते. तेल सोडावे, वाट पाहावी आणि हलक्या हाताने पुढेमागे करावे. या टप्प्यावर शेजारचे काका येतात.

काकांना ‘या, बसा’ म्हणण्यापूर्वी ते कोणत्या खात्यातून निवृत्त झाले हे आठवावे, कारण निदान खात्यानुसार होते. झोतभट्टीवरचे काका कॉक तापवायला सांगतात. वेल्डिंगवाले म्हणतात, कापून नवा तुकडा जोडू. रोलिंग मिलवाले पाइपची जाडी अंगठ्याने मोजून ‘हल्ली माल येत नाही’ एवढेच बोलतात आणि चहा घेतात. आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळावी की जुन्या पद्धतीने सफेदा लावून सुतळी भरावी, यावर मतदान घेऊ नये. जुन्या मैत्र्या तुटल्या आहेत. टेपच वापरावी आणि ती आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळावी. उलटी गुंडाळलेली टेप नळ बसवताना गोळा होऊन बाहेर येते आणि काका त्याच क्षणाची वाट पाहत असतात. जाता जाता: आपल्या कारखान्याप्रमाणे नळाच्या आट्यांच्या ब्रिटिश मापालाही बीएसपीच म्हणतात. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण काकांना हे सांगू नये.

भिंतीत खिळा ठोकणे हे नळाहून अवघड, आणि त्यात भिंतीचा दोष नाही. कारखान्याची पहिली पाळी सकाळी सहा ते दोन, दुसरी दोन ते दहा, रात्रपाळी दहा ते सहा. सकाळी रात्रपाळीवाला नुकताच पडलेला असतो. दुपारी पहिल्या पाळीचा माणूस जेवून लवंडतो. रात्री दहानंतर दुसऱ्या पाळीचा घरी येतो. हिशेब केला तर हातोड्याला संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा एवढी जागा उरते आणि तेव्हा मुलांचा अभ्यास असतो. त्यामुळे जुन्या क्वार्टरांत तसबिरी कपाटावर टेकवलेल्या दिसल्या तर कोणाला आळशी म्हणू नये.

गच्चीच्या भेगा उन्हाळ्यातच बुजवाव्यात. जून उजाडल्यावर गवंडी मिळत नाही. झोतभट्टीची मळी घालून केलेले सिमेंट आपल्याकडे सहज मिळते. ते टिकाऊ असते पण सावकाश घट्ट होते, त्यामुळे भरलेल्या भेगेवर ओले पोते टाकून निदान दहा दिवस पाणी मारावे. आपण दोन दिवस मारतो आणि तिसऱ्या दिवशी सिमेंट कंपनीला नावे ठेवतो.

बागेबद्दल थोडक्यात. अंगणात कन्हार म्हणजे काळी माती असेल तर उन्हाळ्यात ती स्वतःच भेगाळून खणल्यासारखी दिसते; त्यावर समाधान मानावे. मटासी म्हणजे पिवळसर माती असेल तर भाग्य समजावे. भाठा असेल तर मुरूमच तो, कुदळीचा दांडा आधी मोडतो. तिथे लाल भाजीचा हट्ट सोडून शेवगा लावावा.

आणि कूलर. १९५६ पर्यंत दुर्गची राजधानी नागपूर होती. पुढे ती भोपाळला गेली, २००० साली रायपूरला आली, पण उन्हाळ्याची अक्कल नागपूरचीच राहिली. पारा पंचेचाळिसाकडे निघाला की टपावर चढून जाळीतले गवत बदलायचे. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून जी उष्णता ओढली जाते, तिच्यात सातेक लिटर पाणी उकळीला येईल. एवढे सामर्थ्य घरात असून आपण दारे-खिडक्या लावून घेतो, ‘गार हवा बाहेर जाते’ म्हणून. दमट हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोलीची भट्टी होते आणि भट्ट्या या गावात पुरेशा आहेत. समोरची एक खिडकी उघडी ठेवावी. सासूबाई ती लावतील, पुन्हा उघडावी.

थट्टा बाजूला ठेवून दोन गोष्टी. भिलाईने २०१८ च्या पावसाळ्यात डेंगीची साथ पाहिली आहे आणि त्यात माणसे गेली आहेत. डेंगीच्या डासाची अंडी कूलरच्या टाकीच्या कडेला चिकटून कोरडीही तग धरतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी नुसती रिकामी न करता घासून काढा. आणि कूलरला हात लावण्यापूर्वी प्लग ओढून काढा. बटण बंद केल्याने भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेले असू शकते. पंखा थांबतो, वीज आतच राहते. वायरिंगच्या कामाला मात्र इलेक्ट्रिशियन बोलवा, काकांना नको.