साडूभाऊंचं जर्मनी

जर्मनीहून आलेल्या माणसाला निदान महिनाभर कुणी जेवायला बोलावू नये. आम्ही बोलावलं. आमचे साडू सांगलीचे, हळदीचे व्यापारी. हात धुवायच्या आत त्यांनी मोबाइल आमच्या टीव्हीला जोडला आणि साताऱ्यात शनिवार पेठेत रोथेनबुर्ग अवतरलं.

रोथेनबुर्ग हे टाउबर नदीकाठचं तटबंदीचं गाव. वस्ती अकरा हजारांच्या आसपास. आख्यायिका अशी, की १६३१ साली सेनापती टिलीने गाव घेतलं आणि आता ते बेचिराख करणार, तोच नुश नावाच्या माजी नगराध्यक्षाने सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन दाखवली. टिली खूश, गाव वाचलं. चौकातल्या घड्याळाशेजारच्या खिडक्या आजही ठरल्या वेळी उघडतात. एकीत टिली, दुसरीत नुश. नुश पितो, आणि खाली जगभरचे लोक माना वर करून ते बघतात.

"एक माणूस प्याला आणि गाव वाचलं! लई भारी हो," साडूभाऊ म्हणाले.

"आपल्याकडे निवडणुकीच्या आदल्या रात्री अख्खं गाव पितं," मी म्हणालो, "वाचत कुणीच नाही."

पुढचा फोटो तटाचा. ३१ मार्च १९४५ ला बॉम्ब पडले, त्यात गावाबरोबर तटही ढासळला. मग देशोदेशींच्या लोकांनी पैसे दिले, आणि ज्याने जेवढा तट बांधून दिला त्याचं नाव तेवढ्या भिंतीत बसवलं. इथे साडूभाऊंना गहिवरून आलं. मला येईना. आपल्या देवळात पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदार असतो. बटण दाबलं की गरगरतो आणि भक्तांना वारा घालतो. तिथले देणगीदार भिंतीत नुसते बसून आहेत.

मग बाम्बेर्ग. तिथलं जुनं नगरभवन रेग्निट्स नदीच्या ऐन मध्यावर आहे. बिशपने म्हणे जमीन द्यायला नकार दिला, तेव्हा लोकांनी पात्रात खांब ठोकून बेट केलं आणि त्यावर इमारत उठवली.

"नदीत नगरपालिका! आमच्या सांगलीला जमंल का हे?"

"सांगलीला गरज काय? तुमच्याकडे नदीच नगरपालिकेकडे येते."

मला वाटलं, माणूस दुखावला. पण सांगलीकर पुराच्या बोलण्याने दुखावत नाही, खुलतो. "२०१९ ला आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर!" हा आकडा त्यांनी पोरीचे दहावीचे मार्क सांगावेत तसा सांगितला. धोक्याची पातळी पंचेचाळीस आहे, हे जाता जाता आमच्या बायकोला ऐकवलं. तिचं माहेर सांगलीच, तिलाही ते पाठ होतं.

हायडेलबेर्गच्या पडक्या किल्ल्यात १७५१ सालचं लाकडी पिंप आहे, त्यात सुमारे दोन लाख वीस हजार लिटर वाइन मावायची. साडूभाऊंनी लिटरचा भाव धरून रुपयांत हिशेब मांडला. तो संपेपर्यंत आमटी गार झाली. मी विचारलं, "हायडेलबेर्गला गेलात, मग सोंथायमर ठाऊक असतील?"

"ते कोण? टूरवाले?"

ग्युंटर सोंथायमर हे हायडेलबेर्गचे प्राध्यापक. धनगरांच्या ओव्या ऐकत, खंडोबा-बिरोबांचा माग काढत त्यांनी महाराष्ट्र पायाखाली घातला, मराठीत गप्पा मारल्या आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर जर्मन भाषेत जाडजूड ग्रंथ लिहिला. हायडेलबेर्गचा माणूस आपल्या बिरोबासाठी इतका लांब आला. बिरोबाची आरेवाडी सांगली जिल्ह्यातच, कवठेमहांकाळ तालुक्यात.

"तुम्ही कधी गेलाय आरेवाडीला?"

"जत्रेत गाडी लावायला जागा नसतीय हो."

दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत घातलं आणि वाईला नेलं. १७६२ सालच्या ढोल्या गणपतीला त्यांनी नमस्कार केला, पण अंतःकरण अजून युरोपात होतं. तासगावचा सात मजली गोपुराचा गणपती घराजवळ असल्यामुळे ते आमच्या गणपतीला तसंही फारसं मोजत नाहीत.

तिथून मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा दगडी घाट, आणि काठावरच्या चिमुकल्या देवळात टांगलेली ती पोर्तुगीज घंटा. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आलेली. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. महादेवाच्या शेजारी मेरी सुखाने नांदते आहे आणि खाली बायका गोधड्या आपटताहेत. रोथेनबुर्गला रात्रीचा पहारेकरी कंदील आणि भाला घेऊन अजून फिरतो खरा, पण पर्यटकांना गोष्टी सांगायला, पैसे घेऊन. मेणवलीत गोधडी खरोखरची मळलेली असते. मला हा घाट आवडतो तो एवढ्यासाठीच, पण हे साडूभाऊंना कोण सांगणार?

त्यांनी मोबाइल काढला, फोटोसाठी पाय रोवले आणि थबकले.

"तिकिटाची खिडकी कुठाय?"

"घाटाला तिकीट नाही."

"फुकट?"

"फुकट."

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. "मग चला, ऊन चढायच्या आत पाचगणी गाठू. तिथं टेबललँडवर घोड्याचे तरी पैसे घेतात."