पंचांचे भक्त

सावंतवाडीत खेळाच्या भक्तांना तोटा नाही. गोवा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे फुटबॉलवाले आहेत. पाऊस सरला की टेनिस बॉलच्या स्पर्धांचे फलक लागतात, त्यामुळे रात्रभर झोतातलं क्रिकेट बघून सकाळी कचेरीत पेंगणारे आहेत. गावस्कर मूळचे वेंगुर्ल्याकडचे, म्हणून त्यांना घरातल्या माणसासारखं एकेरीत बोलावणारे तर आळीआळीत सापडतात. संध्याकाळी मोती तलावाच्या कठड्यावर बसलात तर अर्ध्या तासात भारताचे तीन संघ निवडून होतात. या सगळ्यांत आमचे काका वेगळे पडतात. ते कुठल्याच संघाचे नाहीत. ते अंपायरचे आहेत.

सामना टीव्हीवर चालू असतो, सगळे चेंडू कुठे गेला ते बघतात आणि काका पंच कुठे बघतोय ते बघतात. षटकार गेला, दुकानातली पोरं नाचायला लागली, की काका म्हणणार, "हात बघलास त्याचे? दोनय हात सरळ. असो सिक्स देवक येवक होयो." मी एकदा चेंडूबद्दल काही बोललो तर म्हणाले, "बॉल काय बघतंस, मेल्या? बॉल सगळेच बघतत."

सचिन, विराट, धोनी ही दैवतं त्यांच्या देव्हाऱ्यात नाहीत. तिथे एकच मूर्ती आहे: ज्यूदा रूबेन. मुंबई पोलिसांत बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ, आणि १९६९ ते १९७७ या काळात १० कसोटी सामन्यांचे पंच. रायगड-ठाण्याच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आणि म्हणून 'शनिवार तेली' म्हटल्या गेलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजातले. आता सावंतवाडीच्या माणसाला हे वेड लागलं कुठून? तर नोकरीमुळे. काकांची पहिली बदली अलिबागला झाली, आणि भाड्याची खोली मिळाली इस्राएल आळीत.

घरमालकीण आजी नऊवारी नेसणारी, अस्सल कोकणी मराठी बोलणारी. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दिवे लावायची, आणि मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत कामाला हात नाही. ट्रान्झिस्टरचं बटण फिरवणं हेही काम. दुसऱ्याला फिरवायला सांगणं हेही नियमात बसत नाही. आणि १९७७च्या जानेवारीत मद्रासच्या कसोटीचा दुसरा दिवस नेमका शनिवारी. आजी ओसरीवर बसून हवेला उद्देशून म्हणायची, "मद्रासला आज ऊन पडलं असेल, नाही?" काका समजून आपल्या खोलीतला रेडिओ लावत. थोड्या वेळाने ओसरीवरून, "हल्ली कानाला जरा कमीच येतं." काका आवाज वाढवत. आजीने काही सांगितलं नाही, काकांनी काही ऐकलं नाही, आणि देवाला तक्रारीला जागा उरली नाही.

आजीला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला फक्त एवढंच कळायचं होतं, की आपला ज्यूदा उभा आहे ना. तिचा हिशेब साधा होता: आमची माणसं बोटांवर मोजण्याएवढी, त्यातून अकराजण कुठून काढायचे? पण पंच दोनच असतात, त्यातला एक आमचा, म्हणजे अर्धं राज्य आमचं. शिवाय आपला माणूस शून्यावर बाद व्हायची धास्ती नाही. 'बूट पॉलिश'मधले डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, वेटलिफ्टिंगचे पंच होते, हेही काकांना तिनेच सांगितलं. तेव्हापासून काकांचं ठाम मत आहे की या समाजात मूल जन्मालाच निःपक्षपाती येतं.

त्याच मद्रास कसोटीत व्हॅसलीनचं प्रकरण झालं. ही काकांची कथा. ती सांगताना ते रुमालाची घडी कपाळावर बांधतात, चार पावलं धावत येऊन इंग्लंडचा जॉन लीव्हर होतात, रुमाल पाडतात, मग लगेच रूबेन होऊन तो दोन बोटांच्या चिमटीत धरून उचलतात आणि पंचनामा करायला आलेल्या हवालदारासारखे उजेडात धरून बघतात. गोलंदाजाच्या कपाळाच्या पट्टीवर व्हॅसलीन सापडलं, पंचांनी तक्रार केली, आपले कर्णधार बेदी यांनी जाहीर आरोप केला, इंग्लंडवाले म्हणाले घाम डोळ्यांत येऊ नये म्हणून लावलं होतं, आणि त्यांच्या मंडळाला ते पटलं. "पटतलाच! पण ठशांच्या माणसाक फसवूक गेले, ता बघ." त्या सामन्यात आपण दुसऱ्या डावात ८३त आटोपलो आणि २०० धावांनी हरलो, हे कोणी मध्येच आठवून दिलं तर काका हात झटकतात. ती किरकोळ बाब.

अलिबागहून काका आणखी एक गोष्ट घेऊन आले, ती मासळी बाजारात त्रास देते. बेने इस्राएल खवले आणि पर असलेलीच मासळी खातात. दंतकथा अशी, की डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू कोकणात आला, तेव्हा त्याने इथल्या बायकांपुढे मिसळ मासळी टाकली. त्यांनी खवलेवाली तेवढी निवडून घेतली, आणि हे आपलेच लोक असा निकाल त्याने दिला. काकांच्या मते जगातलं सर्वांत उत्तम अंपायरिंग ते हेच. म्हणून काकी बाजारात मासळी बघत असताना हे मागे उभे राहून निकाल देत असतात. पापलेट, नॉट आउट. बांगडो, नॉट आउट. सुंगटा, कुर्ल्यो, मोरी, तिसऱ्यो, आउट. आउट दिलेल्यांचं तिखलं मात्र दोनदा वाढून घेतात. मासेवाल्या मावशी एकदा म्हणाल्या, "ह्यांका घराक ठेव गो, माझी मोरी नासता."

डीआरएसचे ते कट्टर वैरी. यंत्राला विचारून बोट वर करणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने देवळात बसून देवाचा पत्ता विचारणं. एकच रिव्ह्यू त्यांना मान्य आहे. इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएलांना तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी, तुम्ही खरे ज्यू की नाही, म्हणून अडवायला सुरुवात केली. मोर्चे निघाले, धरणी धरली, आणि १९६४ साली निकाल यांच्या बाजूने फिरला. आजीची मुलं पुढे तिकडेच गेली. वाळवंटातल्या गावांत कोकणातल्या पोरांनी क्रिकेट नेलं, हे सांगताना काकांची छाती फुगते, मात्र पहिला प्रश्न तोच, "थंय अंपायर कोण करता?"

एवढी भक्ती, पण खुद्द काकांना कोट घालायची संधी आयुष्यात एकदाच आली. जिमखान्याच्या मैदानावर वाडीवाडीची स्पर्धा, नेमलेला पंच आलाच नाही. पोरांनी काकांना उभं केलं. दुसऱ्याच षटकात बॅटची कड घेऊन चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात. आवाज पार रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर ऐकू गेला. पण फलंदाज होता करंडक देणाऱ्या शेठचा पुतण्या. गोलंदाजाने आभाळाकडे बघितलं, यष्टिरक्षकाने हातमोज्यांकडे, आणि सगळ्यांनी मिळून काकांकडे. काका खिशात हात घालून उभे. पुतण्याने पुढे एक्केचाळीस काढल्या आणि तेवढ्यावर सामना गेला.

सामना संपल्यावर हरलेल्या वाडीने घेरलं. "काका, आउट होतो काय नाय?"

"होतो."

"मगे?"

"माका विचारल्यानी कोणी? अपील खंय होता?"

नियम बघितला तर काका बरोबर. अपीलाशिवाय पंचाने बाद द्यायचं नसतं. पण नियम बरोबर म्हणून हरलेली वाडी गप्प बसते असं नाही. तेव्हापासून शाळा सुटली की पोरं काकांच्या खळ्यासमोर थांबून बेंबीच्या देठापासून "हाऊज दॅट" ओरडतात. काका पेपरातून डोकं वर काढून, नीट विचार करून, एकेकाला मान हलवून नकार देतात. गेल्या आठवड्यात काकीही शिकल्या. गॅसचा सिलिंडर संपला, त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि दोन्ही हात वर करून ओरडल्या. काकांनी चष्मा पुसला, सिलिंडर हलवून बघितला आणि बोट वर केलं. नंबर लावायला मात्र काकीच गेल्या, कारण काकांच्या मते पंचाचं काम निकाल दिला की संपतं.