गाडी वळवलीय

कोल्हापुरात कुणी वळत नाही. इथं वळण ‘मारतात’. रंकाळ्याचा रस्ता विचारावा, तर "सरळ जावा, तालमीम्होरं राईट मारा, मग लेफ्ट मारा, की आलंच!" चौथ्या चौकापर्यंत आपली एवढी मारामारी झालेली असते, की पांढरा रस्सा जेवण म्हणून नव्हे, औषध म्हणून प्यावा लागतो.

म्हणूनच सीबीएस बसस्थानकावर गगनबावड्यामार्गे कणकवलीच्या गाडीत बसल्यावर वाहक "गाडी वळवलीय" असं हळूच म्हणाला, तेव्हा मी दचकलो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली होती. ४३ फुटांवर धोका. गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी. आता राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट.

"कुणी वळवली?" मी विचारलं. मराठीत वळणं आपसूक होतं, वळवायला मात्र कर्ता लागतो.

"कुंभी नदीनं," वाहक म्हणाला. व्याकरण चोख होतं.

शेजारच्या आजी लेकीकडं वैभववाडीला निघालेल्या. मांडीवर रव्याच्या लाडवांचा डबा. गाडी वैभववाडीला जाणारच नाही, कणकवलीला उतरून तळेऱ्यावरनं मागं यायचं, हे कळल्यावर त्या उसळल्या. "आरं, म्हसरं वळली, वाती वळल्या, लाडू वळलं, म्हाताऱ्याचं मन बी वळवलं. तुला एक गाडी सरळ न्ह्याला येत न्हाई व्हय?"

"आज्जी, तुमच्या म्हसरांना पवाय येतंय. माझ्या गाडीला न्हाई."

गाडी हसली. मग राधानगरी येईपर्यंत एकच चर्चा: धरणाचे किती दरवाजे उघडले? शाहू महाराजांच्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे. पाणी चढलं की आपले आपण उघडतात, कुणाला विचारत नाहीत. पावसाळ्यात कोल्हापूरकर जावयाच्या आधी त्यांची चौकशी करतो.

दाजीपूरनंतर धुकं, आणि मग फोंडा घाट. इथं रस्ता स्वतःच वळत होता, चालक फक्त त्याचं ऐकत होता. माझ्या पोटात क्रियापदाचे सगळे काळ चालवून झाले. मागच्या बाकावरच्या पैलवानाची तर बोबडी वळलेली; गावात राईट मारणारा तो हाच असावा.

घाट उतरल्यावर आजींनी डबा उघडला. एकही लाडू शाबूत नव्हता. त्यांनी फोन लावला.

"येत्ये गं, जरा वळसा मारून. रवा आणत्ये. लाडू तितंच वळूया."