समुद्र उजव्या हाताला

आमचे साडभाऊ पुण्याला असतात. मागच्या हिवाळ्यात त्यांनी कोकणात सायकल चालवली आणि तेव्हापासून घरातल्या एकाही लग्नात आम्हाला शांतपणे जेवता आलेलं नाही. पंगतीत मठ्ठा येईपर्यंत ते हर्णैला पोचलेले असतात आणि विडा येईपर्यंत वेंगुर्ल्याला. "कोकणात चुकायला वावच नाही," हा त्यांचा सिद्धांत. "समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि पायडल मारायचं. बास! तुमच्या कन्हानला काय ठेवणार उजव्या हाताला?"

त्रिपुरी पौर्णिमा झाल्यावर हेच साडभाऊ सायकलीसकट आमच्या दारात उतरले. आता गावाची अब्रू माझ्या हातात होती.

खरं तर कन्हानइतकं समुद्राच्या ओढीचं गाव दुसरं नसेल. आमची नदी छिंदवाड्याकडून, सातपुड्यातून येते, वाटेत नागपूरकरांच्या घागरी भरते, आंभोऱ्याला वैनगंगेत शिरते आणि पुढं प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला मिळते. स्टेशनावरून जाणाऱ्या रुळांचं एक टोक मुंबईला, दुसरं हावड्याला. गावातून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग श्रीनगरहून निघतो आणि ३,७०० किलोमीटरच्या आसपास धावून कन्याकुमारीला थांबतो. पाणी, रूळ, डांबर, सगळे समुद्राकडं निघालेले. कन्हानचा माणूस तेवढा चौकात उभा राहून खर्रा घोटतो.

"यांना खिंडसी दाखवा," बायको म्हणाली. "तेही पाणीच आहे." रामटेक आमच्यापासून तीसेक किलोमीटर. त्याच्या पुढं साग, आणि सागाच्या पलीकडं खिंडसीचा तलाव. बेत ठरला.

सकाळी सहाला निघालो. साडभाऊंच्या अंगात पांढरी शुभ्र जर्सी, डोक्यावर हेल्मेट, हँडलला मोबाईल, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी थेट तोंडात. माझ्याकडं बाबांची काळी, दांडीची सायकल, कॅरियरला बांधलेला डबा आणि पँटला चिमटा. दोघं शेजारी उभे राहिलो तर एक चंद्रावर निघालेला आणि दुसरा त्याला स्टँडवर सोडायला आलेला, असं वाटत होतं.

महामार्गाला लागताच साडभाऊंना समुद्र मिळाला. डाव्या कडेनं सायकल चालवली की उजव्या हाताला ट्रक येतात. एक गेला की दुसरा, दुसऱ्यामागं तिसरा, लांबून गाज ऐकू येते, मग अंगावर वारा, मग वाळूचे कण. कोळशाचे ट्रक असल्यामुळं वाळू तेवढी काळी. टेकाडीला वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणीचा परिसर मागं पडेपर्यंत जर्सीवर शुभ्र असं फक्त कंपनीचं नाव उरलं होतं.

चहाच्या टपरीवर थांबलो. बाकावर एक बाबाजी बसले होते. त्यांनी आधी सायकल पाहिली, मग साडभाऊंची तंग चड्डी, मग माझ्याकडं वळले.

"कुठी चालले?"

"रामटेकले."

"एस्टी बंद हाय का?"

"नाही हो आजोबा," साडभाऊ म्हणाले, "हौस म्हणून जातोय."

बाबाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग हळूच मला विचारलं, "घरी काही झालं का यायच्या?"

साडभाऊंनी सायकलीची किंमत सांगितली तेव्हा तर बाबाजींचा चहा बशीतच राहिला. "एवढ्यात तं मोटारसायकल आली असती, अन् पाय बी नसते दुखले." बशी पुसत टपरीवाला म्हणाला, "अन् डबल सीट बी जाता आलं असतं." या मुद्द्यावर साडभाऊंकडं उत्तर नव्हतं.

पुढं डुमरीच्या अलीकडं बाभळीनं आपलं काम केलं. साडभाऊंनी पिशवीतून नवी ट्यूब काढली, दहा मिनिटांत बसवलीही. मग पंप काढायला हात घातला आणि चेहरा उतरला. पंप पुण्यात, पलंगाखाली. सायकली ढकलत पंक्चरच्या दुकानापर्यंत गेलो. दुकानदार म्हणजे विशीतला पोरगा. त्यानं कॉम्प्रेसरची नळी ओढत आणली, वॉल्व्हकडं वाकून पाहिलं आणि तसाच उकिडवा बसला.

"हे काय हाय? याच्यात हवा भरते की औषध?"

वॉल्व्ह पेन्सिलच्या टोकाएवढा बारीक. मोटारसायकलीची नळी त्यावर गळ्यात घातलेल्या माळेसारखी सैल डोलत होती. साडभाऊंनी या वॉल्व्हला प्रेस्टा म्हणतात, तो फ्रान्समधून आला, इथपासून सुरुवात केली. पोरानं तोवर वॉल्व्हची छोटी प्लॅस्टिकची टोपी उचलली, दोन बोटांत फिरवून पाहिली, ब्लेडनं तिचं टोक छाटलं, वॉल्व्हचा पेच सैल केला आणि बोडकी टोपी परत त्यावर बसवली. पहिल्यांदा हवा निसटली. दुसऱ्यांदा टोपीच उडाली. तिसऱ्यांदा फुस्स आवाज झाला आणि चाक ताठ उभं राहिलं.

"किती झाले?" साडभाऊंनी पाकीट काढलं.

"धा रुपये. पुण्याची टोपी कापल्याबिगर इकडं हवा भरत नाई, भाऊ."

मनसरला आम्ही महामार्ग सोडून उजवीकडं वळलो आणि कान एकदम मोकळे झाले. मनसरच्या टेकडीवर उत्खननात विटांचं मोठं बांधकाम सापडलं आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं मानतात. त्यांची आधीची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. राणी प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, हिनं रामगिरीस्वामींच्या पायाशी दान दिल्याचं ऋद्धपूरच्या ताम्रपटात आहे. एवढं मी धापा टाकत सांगितलं. साडभाऊ म्हणाले, "तेव्हा चढ एवढाच होता का?"

रस्त्याच्या कडेला धानाच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. एका बाईनं डोक्यावरचा भारा न उतरवता आम्हाला वाट दिली. सायकलीचा वेग असा की तिच्या बांगड्या ऐकू आल्या. गाडीतून मी या रस्त्यानं शंभरदा गेलो असेन, पण धानाला वास असतो हे मला त्या दिवशी कळलं.

रामटेकला पोचल्यावर सायकली पायथ्याशी ठेवून गडावर चढलो. वर दगडाचा प्रचंड वराह आहे. त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडं निघाला तो पुण्यवान, अडकला तो पापी, असं आमच्याकडं मानतात. साडभाऊ म्हणाले, "आम्ही तर पुण्याचेच." आणि शिरले. खांद्यापर्यंत गेले, मग थांबले. आतून आवाज आला, "अहो, हलत नाहीये!" बघ्यांचं कोंडाळं जमलं. एका आजीनं त्यांच्या पायांकडं पाहून हात जोडले. मी वाकून बघतो तर हेल्मेट वरच्या दगडाला टेकलेलं आणि पाण्याची पिशवी खाली सरकून अडकलेली.

"आधी हेल्मेट काढा साडभाऊ, पुण्य नंतर मोजू."

ते बाहेर निघाले तेव्हा पिशवी रिकामी झाली होती आणि वराहाचे पाय धुतले गेले होते. तेवढ्यात एका काळतोंड्या वानरानं त्यांच्या खिशातली चॉकलेटची वडी काढून घेतली आणि कठड्यावर बसून कागद सोलला, अगदी सवयीच्या माणसासारखा.

इथंच कालिदासाचं स्मारक आहे. रामटेक म्हणजेच 'मेघदूता'तला रामगिरी, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. पठाराच्या कडेला डबा उघडून मी साडभाऊंना सांगितलं की निवांत भटकंतीचा पहिला बेत याच टेकडीवरून आखला गेला. यक्षाचा निरोप तातडीचा, बायको तिकडं झुरतेय, तरी तो मेघाला म्हणतो की दमलास तर डोंगरावर टेक, वाटेतल्या नद्यांचं पाणी पी, आणि वाट वाकडी झाली तरी उज्जैन चुकवू नकोस. असा प्रवासी पुण्याला चार दिवस टिकला नसता.

"त्याच्या उजव्या हाताला काय होतं?" साडभाऊंनी विचारलं.

"जे दिसेल ते," मी म्हणालो.

उतरत्या उन्हात सागाच्या रानातून खिंडसीला पोचलो. वाळलेली सागाची पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. मग झाडं संपली आणि समोर पाणीच पाणी. टेकड्यांच्या पायाशी वारा लाटा ढकलत होता. साडभाऊ थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत, म्हणजे काहीतरी गंभीर झालं असावं.

काठावर एक धिवर जाळं झाडत होता. साडभाऊंनी त्याला विचारलं, "काका, इथं लाटा नेहमी असतात?"

"पान्यात लाटा नाई तं काय मिरच्या रायते? हे धानाचं पानी हाय साहेब. खालच्या वावरायले जाते."

पाणी आमच्या डाव्या हाताला होतं. साडभाऊंनी काही न बोलता सायकल उलटी फिरवली, पाणी उजव्या हाताला घेतलं आणि ज्या रस्त्यानं आलो त्याच रस्त्यानं अर्धा किलोमीटर परत चालवत गेले. मी मागं. धिवर आमच्याकडं बघत राहिला.

परतीला अंधार पडला, माझे गुडघे बोलायला लागले. कन्हानकडं निघालेल्या रिकाम्या छोटा हत्तीत सायकली टाकल्या आणि आम्ही पाठीमागं तोंड करून बसलो. परवा एका लग्नात पुन्हा साडभाऊंची पंगत जमली. मठ्ठा आला तरी ते डुमरीलाच होते.

तुम्हाला जायचं असेल तर हिवाळ्यात जा, पहाटे निघा, ट्रकांची गर्दी व्हायच्या आत मनसर गाठा. डबा घरून न्या आणि गडावर वानरांपासून लपवा. आणि वॉल्व्ह बारीक असेल, तर कापायला एक टोपी जास्तीची ठेवा.